कोणी कोणासाठी थांबायचं

मुलीने कॉम्प्युटरशेजारी नव्या प्रोसेसरचा खोका ठेवला. त्याचं सील अजून तसंच होतं.

"बाबा, आज शेवटचा दिवस. नको असेल तर संध्याकाळच्या आत दुकानात परत द्यायचाय."

"मग दे की." बाबांनी पडद्यावरची नजर काढली नाही. एका शाळेच्या इमारतीचा नकाशा तिथे अर्धवट उभा होता. त्यांचा उजवा हात माउसवर होता आणि त्या हाताचं मनगट त्यांनी डाव्या हाताने धरलं होतं. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर उजवा हात सांगितलेलं ऐकायचा, पण सावकाश.

"कॉम्प्युटरच्या या जुन्या मदरबोर्डावर बसणारा हा शेवटचाच. नंतर शोधून मिळायचा नाही."

"अगं, आहे तोच माझ्या पुढे पळतोय. माझी एक रेघ ओढून होईपर्यंत बिचारा जांभया देतो. आणखी पळणारा आणून काय करू?" बाबांनी एक भिंत कशीबशी कोपऱ्यापर्यंत नेली. "सध्या तो माझी वाट बघतो. मला त्याची वाट बघावी लागली, की त्या दिवशी बदलू."

तो दिवस येईल असं तुम्हाला वाटतं का, हे मुलीच्या ओठांवर आलं होतं. तिने वेगळंच विचारलं.

"सकाळी व्यायामाचा चेंडू दाबला?"

"दाबला, मास्तरीणबाई. शेवटी चेंडूच रडकुंडीला आला."

ती हसली नाही. खोका उचलून तिने पिशवीत टाकला, पिशवी खांद्याला लावली आणि दारापाशी जाऊन चपला घालू लागली.

"काय राहिलंय अजून?" तिने तिथूनच विचारलं.

"जिना. आडवी रेघ, उभी रेघ. आडवी, उभी. कंटाळवाणं काम."

मागे माउसची टकटक सुरू झाली. आधी अडखळत, मग एका लयीत. मुलीचा हात दाराच्या कडीवर होता, तो तिथेच राहिला. इतकी सलग टकटक या खोलीत तिने बऱ्याच दिवसांत ऐकली नव्हती.

टकटक थांबली.

"झालं, बिघडला," बाबा पुटपुटले. "मी इथवर आलो आणि हा बसलाय खालीच. बघ गं जरा."

ती परत आली. आधी तिने पडद्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. त्यांचा डावा हात मांडीवर होता. मनगट कधी सुटलं, ते त्यांनाही कळलं नव्हतं.

"बिघडला नाही, बाबा," ती म्हणाली. "सगळे मजले एकदम उघडलेत तुम्ही. त्यात तुमचा हा वेग. त्याला झेपत नाहीये."

बाबांनी मान खाली घालून उजव्या हाताकडे पाहिलं. पडद्यावर जिन्याची एक पायरी उमटली. थोड्या वेळाने दुसरी.

मुलीने पिशवी खांद्यावरून उतरवली आणि खोका पुन्हा टेबलावर ठेवला.

"सावकाश ये रे," बाबा कॉम्प्युटरला म्हणाले. "मी थांबलोय वर."