सुरेखाचा टाक
माझा जर्मनीचा व्हिसा नवऱ्याच्या पहिल्या बायकोपाशी अडला होता. सुरेखाला जाऊन तीन वर्षं झाली होती, पण तिच्या मृत्यूची नोंद कुणी केलीच नव्हती. कागदावर त्यांची बायको अजून तीच होती. म्हणून तिच्या आईचा जबाब घ्यायला मी चकलांब्याला गेले. ग्रामपंचायतीत तिच्या आईनं, कौशल्याबाईंनी, सगळं न रडता सांगितलं. "दुष्काळ हुता. सोसायटीमागच्या हिरीत टँकर सोडला, बाया तुटून पडल्या. माजी पोर वाकली आन आत गेली." ग्रामसेवकानं लिहून घेतलं, त्यांनी खाली अंगठा उमटवला. बाहेर आल्यावर मी गळ्यातला चांदीचा टाक काढून त्यांच्या हातावर ठेवला. मेलेल्या सवतीच्या नावाचा हा टाक दुसरीनं जन्मभर घालायचा असतो. "कावून काढला?" त्यांनी विचारलं. "तिकडं लोक विचारतील, तिच्या आईंकडं देऊन ये, असं ह्यांनी सांगितलंय." टाकावर उठवलेल्या बोटभर बाईवरून त्यांनी अंगठा फिरवला, तशी अंगठ्याची ओली शाई तिच्या तोंडाला लागली. मग त्यांनी विचारलं, "तितं पानी हाय का गं?" "लई हाय. घरातच नळ हाय, दिवसभर." त्यांनी पदरानं तिच्या तोंडावरची शाई पुसली, टाक परत माझ्या गळ्यात बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली. "मंग ने तिला," त्या म्हणाल्या. "पर कुटं वाकू दिऊ नको."