दुसरा धक्का

"अजून धक्का मारतेय," पुतणी म्हणाली. "एकदा नाही काका, दोनदा."

काकानं चष्मा कपाळावर ढकलला. दुपारपासून ही एअर रायफल त्यानं तीनदा उघडली होती. उद्या निवड चाचणी. नेम केसभर हलला तर पोरीचं अख्खं वर्ष पाण्यात.

दुखणं त्याला तोंडपाठ होतं. पिस्टन सुसाट पुढे जातो, कोंडलेल्या हवेवर आपटून मागे उसळतो, परत पुढे. छर्रा नळीतून सुटायच्या आत बंदूक हादरते. त्यानं स्प्रिंग नरम घातली, तिला आतून धरणारा सैल गाईड बदलला, छर्रा हलका घेतला. तरी पोरीचं आपलं तेच.

आता त्यानं रायफल वाळूच्या पिशवीवर ठेवली, नळीवर एक नट उभा केला आणि चाप ओढला.

ठक्.

नट तसाच उभा.

"बघ. बंदूक गप झाली. आता तुझा खांदाच खोलतो."

ती हसली नाही. "दर वेळी नाही येत तो." तिनं पाच कार्डं टेबलावर टाकली, प्रत्येकावर एकच भोक. "धक्का बसला की लगेच कार्डाचा नंबर लिहून ठेवला. पहिली, तिसरी, चौथी."

पहिल्या, तिसऱ्या, चौथ्या कार्डावर भोक बरोबर मधोमध, दहा. उरलेल्या दोन्हींवर नऊ.

काकाचा हात थांबला. "नक्की कुठे लागतो?"

रायफलचा दस्ता खांद्याला टेकतो तिथे ती बोट ठेवेल असं त्याला वाटलं. तिनं हात मानेवरून मागे नेला.

"इथे. पाठीवर. टप, टप."

रायफल तिच्या बापाची. ती पाळण्यात असतानाच तो गेला. काकाला नेम शिकवताना तो मागे उभा राहायचा. दहा लागला की पाठीवर दोन थापा. नऊला काहीच नाही. कार्ड बघायला जावंच लागायचं नाही. हे काका तिला कधी बोलला नव्हता.

"अजून एक मार," तो म्हणाला, आणि तिच्यामागे चांगली चार पावलं लांब जाऊन उभा राहिला.

ठक्. रायफल जागची हलली नाही.

तिच्या पाठीवर शर्टाचं कापड आत दबलं. सुटलं. परत दबलं.

"आला बघ!" ती रडकुंडीला आली होती. "उद्या काय करू मी?"

"दहा आहे," काका म्हणाला.

कार्ड अजून समोरच्या भिंतीवरच होतं.