सतरा नंबरचं पाकीट

"किल्ली द्या, मॅडम," प्राचार्य तिसऱ्यांदा म्हणाले.

मॅडमनी पर्स मांडीवर घेतली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवले. किल्ली आतच होती. त्या किल्लीचं कपाट वरच्या मजल्यावर, भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेत. कपाटाच्या खालच्या कप्प्यात, खडकांच्या नमुन्यांशेजारी, दुसऱ्या वर्षाच्या साठ मुलामुलींची साठ बंद पाकिटं होती.

ही पद्धत मॅडमची जुनी. वर्षाच्या पहिल्या तासाला त्या शिंपल्याचा ठसा असलेला एक दगड वर्गात फिरवत. सगळ्यांच्या हातांतून तो गेला की विचारत, "हा किती जुना असेल? मनापासून वाटतं ते लिहा, पुस्तकातलं नको." चिठ्ठी पाकिटात, पाकीट डिंकाने बंद, वर फक्त हजेरीचा नंबर. शेवटच्या तासाला ज्याचं पाकीट त्याच्या हातात. मध्ये ते कुणी उघडायचं नाही, खुद्द मॅडमनीही नाही. त्याला मार्क नव्हते. आपण कुठून निघालो होतो हे ज्याचं त्याला कळावं, एवढाच हेतू. बावीस वर्षांत एकही पाकीट फुटलं नव्हतं.

आज मात्र सतरा नंबरचं फोडायचं होतं. समोर बसलेले गृहस्थ सतरा नंबरचे वडील. त्यांच्या प्रवचनाला उभं राहायलाही जागा मिळत नसे. त्यांनी लेखी तक्रार केली होती, की मॅडम आधी मुलांची ग्रंथावरची श्रद्धा लिहून घेतात आणि मग वर्षभर ती खणून काढतात. भूगर्भशास्त्राच्या बाईंसाठी 'खणून' हा शब्द त्यांनी मुद्दाम निवडला होता की ओघात आला होता, देव जाणे.

"एक पाकीट," संस्थेचे विश्वस्त घड्याळाकडे बघत म्हणाले. "मुलीच्या मनात काय आहे तेवढं ह्यांना कळू द्या. ठीक असेल तर तक्रार मागे घ्यायला ते तयार आहेत. नाहीतर सोमवारपासून तुमचा विषय दुसरं कुणी शिकवेल. आणि हा दगडांच्या वयाचा धडा गाळून शिकवेल."

"पाकीट तिचं आहे," मॅडम म्हणाल्या. "एकोणीस वर्षांची आहे ती. वर वर्गात बसलीय. तिलाच विचारा ना."

"विचारायची भीती वाटते, बाई," प्रवचनकार म्हणाले. आवाज इतका बारीक, की क्षणभर बोललं कोण तेच कळेना. "लहानपणी ती पुटपुटत लिहायची. निबंध लिहायला बसली की स्वयंपाकघरात तिच्या आईला अख्खा पाठ व्हायचा. आता दार लावून घेते. आत काय चाललंय, मला काही कळत नाही."

मॅडमना त्यांची दया आली. हजारो माणसांना धीर देणारा माणूस पोटच्या पोरीला घाबरत होता. मॅडमचा हात पर्सच्या चेनवर गेला. एक पाकीट दिलं की मिटलं. सोमवार आपला, वर्ग आपला, धडाही आपला. बावीस वर्षं ज्यात घातली ते हातचं जाणार नव्हतं.

त्यांनी हात मागे घेतला.

"नाही. विषय काढून घ्यायचा तर घ्या. पाकीट मिळणार नाही."

"कपाट कॉलेजचं आहे, मॅडम," प्राचार्यांनी आवाज चढवला.

"कपाट कॉलेजचं. पाकिटं मुलांची." मॅडम उठल्या. "सोमवारपासून म्हणालात ना? मग आजचा तास माझाच."

वर जाऊन त्यांनी तोच धडा शिकवला. एक ओळही गाळली नाही. तास संपायला दहा मिनिटं असताना त्यांनी कपाट उघडलं. "ह्या वर्षी शेवटचा तास जरा लवकर आला," एवढंच म्हणाल्या आणि एकेक नंबर पुकारत पाकिटं वाटून टाकली. कुणी फोडून हसलं, कुणी शेजाऱ्याला दाखवलं. अठरा नंबरच्या मुलीने आपली चिठ्ठी वाचली, इकडेतिकडे पाहिलं, चार घड्या घालून बुटात सरकवली.

वर्ग रिकामा झाला तरी सतरा नंबर जागची हलली नाही. खालच्या बैठकीची बातमी एव्हाना जिन्याने वर आली होती. तिने आपलं पाकीट फाडलं आणि चिठ्ठी टेबलावर ठेवली. 'हा दगड ग्रंथात सांगितलाय तितकाच जुना. माझे बाबा खोटं सांगत नाहीत.'

"बाबांनी हे वाचलं असतं ना, मॅडम, तर तक्रार तिथल्या तिथे फाडली असती." तिचे डोळे भरून आले होते. "तुम्हाला नुसतं माहीत असतं ना, की आत काय आहे..."

"माहीत होतं."

"कसं? तुम्ही तर कुणाचंच..."

"अगं, तू अजूनही पुटपुटतच लिहितेस. पहिल्या दिवशी माझ्या टेबलापर्यंत ऐकू आलं."

तिने चिठ्ठी परत उचलली. "मग दिलं का नाहीत? तुमचा वर्ग वाचला असता!"

मॅडमनी रिकाम्या कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली जुडग्यातून काढून टेबलावर ठेवली.

"तुझं दिलं असतं," त्या म्हणाल्या, "तर अठरा नंबरच्या वडिलांना कुठल्या तोंडाने नाही म्हटलं असतं?"