कार्डांचं मशीन

गोठ्यात मशीन नव्हतं.

नाथाजी दारातच थबकला. कोपरा रिकामा होता. म्हैस निवांत रवंथ करत होती.

साखर कारखान्याचे हिशेब पुण्याच्या कॉम्प्युटरवर करायचं ठरलं, तसं जुनं पंचकार्डाचं मशीन भंगारात निघालं. ऊस कुणाचा, गाव कुठलं, हे कार्डांवरच्या भोकांवरून ओळखून ते कार्डं खडाखड वेगळी करायचं. पलटणीतून सुटून आल्यावर नाथाजीनं सगळी नोकरी त्याच्यावरच काढली होती. हातोडा पडायच्या आधी त्यानं साहेबांच्या मागं लागून ते मागून घेतलं आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून उंब्रजला घरी आणलं. सांगलीच्या कॉलेजातले एक मास्तर पोरांना शिकवायला ते न्यायला तयार होते. दिवाळीपर्यंत जपायचं, एवढंच.

त्याच्या बायकोला, शालूबाईला, हे खूळ पटलं नव्हतं. "म्हशीला बसाय जागा न्हाई," ती उठता बसता म्हणायची. "येक दिस गुंडा भंगारवाल्याला बोलवून देऊन टाकते का न्हाई बघा."

आज नाथाजी कराडला गेला होता. परत आला तेव्हा एस्टी स्टँडवरच कुणीतरी म्हणालं, सकाळी गुंडाचा हातगाडा तुमच्या दारात उभा होता.

तो घरात गेलाच नाही. गोठ्यातनं तसाच वळला आणि हमरस्त्याकडं सुटला.  हातोडा पडायच्या आत गुंडाला गाठायचं होतं.

गुंडा आपल्या पालापुढं डबे चेपत बसला होता. शेजारी लोखंडाचा ढीग. नाथाजी तो ढीगच उपसायला लागला.

"काय हुडकताय, नाथाजीराव?"

"माझं मशीन. फोडलंस का रं?"

"फोडतोय कशाला?" गुंडानं हातोडा खाली ठेवला. "वैनींनी मला उचलाय बोलावलं हुतं. गोठ्यात उंदरं वायरी कुरतडाय लागली म्हनल्या. चौघांनी मिळून तुमच्या घरातच न्हेऊन ठेवलंय. लय जड हाय, गड्या."

नाथाजी तिथल्याच एका पिंपावर बसला. मग उठून घराकडं निघाला.

घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत आजारी आईचं अंथरूण. म्हणून तो सरळ स्वयंपाकघरात गेला. मशीन तिथं होतं, फळ्यांवर उभं. वरून शालूबाईची ठेवणीतली वाकळ घातलेली. त्यानं वाकळ उचलून आत हात घातला. एकेक तार चाचपून पाहिली. सगळं जागच्या जागी होतं.

शालूबाई परड्याकडच्या मागच्या दारात येऊन उभी राहिली. कपाळाला राख लागली होती.

"आवं, धुरानं खराब हुईल म्हनून चूल परड्यात मांडलीया," ती म्हणाली. "जेवाय तिकडंच या."