मास्तरांनी नावं ठेवली नाहीत

मेंदूज्वराचे जंतू मेले, पण जाताना मेंदूतली एक रक्तवाहिनी बुजवून गेले. “समोर असलं तरी डावीकडचं तुमच्या ध्यानातच येणार नाही,” डॉक्टर म्हणाले. “तीस वर्षं डोकी भादरतोय, मला शिकवू नका,” मी म्हणालो आणि दुकान उघडलं. पहिलं गिऱ्हाईक मास्तर. कानामागे एक केस उरला तरी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करणारा माणूस. आज मागून आरसा धरला, तर “झकास, गड्या,” म्हणत खांदा थोपटून गेले. केर लोटायला दारात आलो, तर मास्तर समोरच्या सलूनमध्ये रस्त्याकडे तोंड करून बसलेले. उजवी बाजू मी कापलेली. त्यांच्या डावीकडचं जंगल आता माझ्या उजवीकडे आलं, म्हणून दिसलं; तिथला न्हावी ते उतरवत होता. तसाच रस्ता ओलांडून गेलो. “मास्तर, शिव्या द्या की. निदान गाढव तरी म्हणा.” त्यांनी मान खाली घातली. “छान कापलेस रे,” म्हणाले, आजाऱ्याशी बोलतात तशा आवाजात.