वीतभर अंतर

ट्रॅक्टरच्या पुढील लोडरची उचललेली बकेट रोज बोटभर खाली येते, एवढीच त्या बाईंची तक्रार होती. शेडच्या खांबावर त्यांनी खडूने अकरा खुणा केल्या होत्या. आता बकेट आणि जमीन यांत वीतभरच अंतर उरले होते. परगावाहून आलेल्या मिस्त्रीने तेलाची पातळी पाहिली, पाइपांवरून हात फिरवला; सारे कोरडे होते.

“बकेट वर धरणाऱ्या सिलिंडरच्या आतलं सील झिजलंय, ताई. पण एवढी घाई कशाला? ट्रॅक्टर बंद करताना बकेट जमिनीवर टेकवायचीच असते. तुमचं यंत्र चालवणाऱ्यापेक्षा शहाणं दिसतंय, आपलं आपण बसतंय!”

बाई हसल्या नाहीत.

“त्या दिवशी यांनी ती उचलली आणि पाणी प्यायला खाली उतरले. परत चढलेच नाहीत. यांच्या हातानं उचललेलं एवढंच अजून वर आहे. ते टेकू नये, एवढं करा.”

सील बदलायचे तर बकेट आधी जमिनीवर टेकवावी लागते, हे मिस्त्रीने सांगितले नाही. त्याने पान्हे पेटीत ठेवले, कुंपणापाशी पडलेला लाकडी ठोकळा उचलून आणला आणि दोन्ही हातांनी बकेटखाली सरकवला.

“झालं, ताई,” तो म्हणाला. “आता नाही येणार खाली.”