जवारीची राखण

नर्मदाआत्याच्या गोफणीला कुरुंदा गावात तोड नव्हती. लहानपणी प्रतिक्षाला तिनं एकच गोष्ट बजावली होती, "पिकात असताना गोफणीचा आवाज थांबला की खाली बसायचं. दगड सुटलेला असतो."

यंदा उजवा खांदा निखळला आणि आत्या घरीच राहिली. शेतातलं राखणीचं मचाण रिकामं पडलं. म्हणून प्रतिक्षानं जवारीच्या मधोमध कॅमेरा ठेवून चहूबाजूंचं शूटिंग केलं आणि घरी येऊन आत्याच्या डोळ्यांवर व्हीआरचा चष्मा चढवला.

"चित्र बेस हाय," आत्या म्हणाली.

मग प्रतिक्षानं तिच्या कानांवर हेडफोन लावले. कणसांतून वारा सळसळला, पाखरं किलबिलली, आणि आत्या खुर्चीतच ताठ झाली. "अगं, सगळं खाऊन राहिलेत की! हाऽऽ हो!"

प्रतिक्षा तेच मोबाईलवर बघत होती. पाखरांचा अख्खा थवा उडाला. शूटिंग केलं तेव्हा तो उडालाच नव्हता.

"काय झालं गं?" आत्यानं चष्मा काढला.

प्रतिक्षानं चष्मा आणि हेडफोन स्वतः घातले, आत्याचा हात घट्ट धरून.

पाखरं गेली होती. कोवळ्या उन्हात कणसं पेंगल्यासारखी डुलत होती. मागून ओळखीची हाक आली, "कोण हाय गं जवारीत?"

ती वळली. मचाणावर आत्या उभी होती, उजव्या हातानं गोफण फिरवत. गोफणीची घूं घूं या कानातून त्या कानात जात होती, झोप यावी इतकी संथ.

प्रतिक्षाच्या मुठीत आत्याचा हात अजून होता.

आवाज थांबला.